दिवस भरत आले म्हणजे

आमच्या अर्धापुराकडे केळीचा घड केव्हा उतरवायचा, हे शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. फळाच्या कडा बुजून ते गोल दिसू लागले की तो ओळखतो. हळद काढणीला आली हे पाला वाळल्यावरून कळते. गाय व्यायला झाली, कास भरून आली, की घरधनी रात्री गोठ्यात बाज टाकून निजतो आणि कंदील जवळ ठेवतो. एवढे सारे बारकावे ज्याला ठाऊक, त्याच माणसाच्या घरात लेक किंवा सून दिवस भरून बसलेली असते, तेव्हा मात्र तो म्हणतो, "ते बायकांचं काम हाय, मला त्यातलं काय कळतंय?" आणि पारावर जाऊन बसतो.

मी डॉक्टर नाही. कॉलेजात मराठी शिकवणारा एक साधा अध्यापक आहे. तेव्हा आज मी जे सांगणार आहे ते औषधपाण्याचे नाही. ते तुमचा डॉक्टर, तुमच्या उपकेंद्रातील परिचारिका आणि तुमच्या गावची आशाताई सांगतील. गरोदरपणाचा शेवटचा आठवडा म्हणजे काय, त्यात शरीरात काय घडते, त्यातले नेहमीचे कोणते आणि धोक्याचे कोणते, आणि घरच्या माणसांनी, विशेषतः पुरुषांनी, कोणते निर्णय आधीच घेऊन ठेवावेत, एवढाच आजचा विषय आहे. तो मी का निवडला हेही ओघाने सांगेन.

प्रथम हिशेबाकडे वळू. नऊ महिने नऊ दिवस ही आपल्याकडची जुनी म्हण. शास्त्राचा हिशेब असा की, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मोजावेत. हायडेलबर्ग येथे अध्यापन करणारे जर्मन प्रसूतितज्ज्ञ नेगेले यांच्या नावाने त्याची एक सोपी रीत जगभर चालते: पाळीच्या पहिल्या तारखेत सात दिवस मिळवा आणि नऊ महिने पुढे जा. पाळी १० जानेवारीस आली असेल तर तारीख निघते १७ ऑक्टोबर. ही रीत अठ्ठावीस दिवसांनी नियमित पाळी येणाऱ्या बाईसाठी आहे, हे ध्यानात ठेवावे. प्रत्यक्ष गर्भ राहतो तो पाळीनंतर साधारण दोन आठवड्यांनी. तेव्हापासून मोजले तर २६६ दिवस होतात, आणि ते चंद्राचे जवळजवळ बरोबर नऊ महिने भरतात. म्हणजे आपली म्हण काही अगदीच वाऱ्यावरची नाही.

परंतु इथे एक खड्डा आहे. आपल्या आयाबाया तारखेपेक्षा सणावारावरून दिवस लक्षात ठेवतात. "पाडव्याला मी बाहेर होते" असे एखादी सांगते. पाडव्यापासून २८० दिवस मोजले तर साधारण वर्षी पौष पौर्णिमेच्या आसपास येतात. पण ज्या वर्षी मध्ये अधिक महिना पडतो, त्या वर्षी तेच २८० दिवस महिनाभर आधी, मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास भरतात. २०२३ साली अधिक श्रावण होता, २०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे. अशा वर्षी नुसती महिन्यांची नावे बोटांवर मोजणारी सासू पौषाची वाट पाहत बसली, तर दिवस केव्हाच भरून गेलेले असतात. म्हणून पाळी चुकली की कॅलेंडरवर मागच्या पाळीच्या तारखेला खूण करावी आणि पहिल्या तीन महिन्यांत आशाताईकडे नाव नोंदवावे. लवकर केलेल्या सोनोग्राफीने तारीख अधिक नेमकी कळते. ती सोनोग्राफी तारखेसाठी व तब्येतीसाठी आहे. मुलगा की मुलगी हे विचारणे आणि सांगणे दोन्ही १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

आता, डॉक्टरांनी दिलेली तारीख म्हणजे काही आगगाडीची वेळ नव्हे. वीस बायकांत जेमतेम एखादीच नेमक्या त्या दिवशी बाळंत होते. सदतीस आठवडे पुरे झाल्यापासून बेचाळीस आठवड्यांपर्यंत केव्हाही प्रसूती झाली तरी ती दिवस भरल्यावर झाली असेच मानतात. त्यातही एकोणचाळीस ते एकेचाळीस आठवड्यांचा काळ सर्वांत चांगला. अलीकडे शहरात, आणि आता तालुक्याच्या गावीही, चांगला मुहूर्त पाहून पोट फाडून मूल काढून घेण्याची टूम निघाली आहे. डॉक्टरांनी सांगितलेले कारण नसताना एकोणचाळीस आठवड्यांच्या आत असे करू नये. शेवटच्या आठवड्यांत बाळाची फुप्फुसे श्वासासाठी सिद्ध होत असतात, मेंदू वाढत असतो. नक्षत्र चांगले मिळाले आणि लेकराला श्वास घेता येईना, तर त्या नक्षत्राचा काय उपयोग? उलट, तारीख उलटून आठवडा झाला आणि कळा आल्या नाहीत, तर घरी बसू नये. बाळाला पोसणारी वार एका मर्यादेपलीकडे थकते, आणि एकेचाळीस आठवड्यांनंतर पोटातल्या बाळाचा धोका वाढत जातो. तेव्हा दवाखान्यात दाखवून कळा आणण्याविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शेवटच्या दिवसांत शरीर स्वतःच सूचना देऊ लागते. पहिलटकरणीचे पोट दोन-चार आठवडे आधी खाली उतरते. बाळाचे डोके ओटीपोटात शिरते. छातीवरचा भार हलका होतो, श्वास मोकळा होतो, दोन घास जास्त जातात; पण मूत्राशयावर दाब येऊन वरचेवर लघवीला जावे लागते, कंबर व जांघा भरून येतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला पोट बहुधा कळा सुरू होण्याच्या वेळीच उतरते. म्हणून "अजून पोट उतरलं न्हाई, येळ हाय" असे धरून चालू नये. रात्री झोप लागत नाही, पायाला थोडी सूज येते, मन कधी प्रफुल्ल तर कधी कारणाशिवाय रडवे होते. काहींना एकाएकी घर झाडावे, भांडी घासावीत असे वाटते. हे सारे नेहमीचे आहे. अशा वेळी उताणे न निजता कुशीवर निजावे, उतारवयातल्या बायकांनीही "आमच्या वेळी आम्ही दळण दळत होतो" असे टोमणे न मारता तिला दुपारची दोन तास झोप घेऊ द्यावी.

दुसरी खूण अशी की, गर्भाशयाचे तोंड सैल होऊ लागले म्हणजे आतला शेंबडासारखा चिकट बोळा, किंचित तांबूस रंग घेऊन, बाहेर पडतो. हे दिसले तर घाबरू नये. कळा काही तासांत सुरू होतील, किंवा आणखी काही दिवस जातील. मात्र रक्त लालभडक असेल, पाळीसारखे वाहत असेल, तर तो बोळा नव्हे, तो धोका आहे. पोट दुखो वा न दुखो, तत्काळ निघावे. आणि अशा वेळी गावात कोणाकडूनही आतून तपासून घेऊ नये; वार खाली सरकलेली असेल तर एका बोटाच्या धक्क्याने रक्ताचा लोट सुटतो.

तिसरी खूण कळांची. कळा खोट्याही असतात आणि खऱ्याही. खोट्या कळांचे नीट वर्णन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज वैद्याने १८७२ साली केले, म्हणून डॉक्टर लोक त्यांना त्याच्याच नावाने ओळखतात. पोट दगडासारखे घट्ट होते आणि सैल पडते. पण त्यांना ताळतंत्र नसतो. बाई उठून चार पावले चालली, पाणी प्याली, कूस बदलली की त्या थांबतात. खरी कळ कंबरेतून निघते आणि पुढे ओटीपोटात येते. ती ठराविक वेळाने येते. वेळ हळूहळू कमी होतो, कळ लांबते आणि जोर वाढतो. चालल्याने, निजल्याने ती थांबत नाही. इथे घरातल्या पुरुषाला करण्यासारखे एक काम आहे. हातात घड्याळ किंवा मोबाईल घ्यावा आणि कागदावर प्रत्येक कळेची वेळ लिहावी. एक कळ सुरू झाल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत किती मिनिटे गेली, आणि कळ किती वेळ टिकली, हे टिपावे. दर पाच मिनिटांनी कळ येते, ती पाऊण-एक मिनिट टिकते आणि असे तासभर चालले आहे, तर प्रसूती सुरू झाली. मात्र हा पाच मिनिटांचा नियम शेजारी दवाखाना असणाऱ्या पहिलटकरणीचा आहे. ज्यांचे घर शेतात आखाड्यावर आहे, ज्यांना नाला ओलांडून सडक गाठावी लागते, किंवा जिचे हे दुसरे-तिसरे बाळंतपण आहे, तिने एवढे थांबू नये. कळा ठराविक वेळाने येऊ लागल्या की निघावे. आणि जिचे पहिले मूल पोट फाडून झाले आहे, तिने कळांची वाट पाहूच नये. मोठ्या दवाखान्यात केव्हा दाखल व्हायचे, ते आधी विचारून ठेवावे.

चौथी खूण म्हणजे पाणमोट फुटणे. कधी एकदम लोट येतो, कधी थेंबथेंब गळत राहते आणि बाईला वाटते लघवीच होत आहे. स्वच्छ कापडाची घडी घ्यावी, रंग पाहावा, वेळ लिहून ठेवावी आणि कळा नसल्या तरी दवाखान्यात जावे. कारण दार उघडल्यावर जंतूंना आत शिरायला वाट मिळते. पाणी हिरवट किंवा काळपट असेल तर बाळाने आतच शी केली असे समजावे. तेथे घटकेचाही उशीर नको. पाण्याबरोबर नाळेचा वेढा बाहेर आलेला दिसला, तर नाळेला हात न लावता बाईला निजवून कंबरेखाली उशा द्याव्यात, ढुंगण उंच ठेवावे आणि तसेच न्यावे.

आता मी ज्या गोष्टीकडे येत होतो ती सांगतो. सुमारे वीस वर्षांमागची हकिगत आहे. मी तेव्हा नुकताच एम. ए. झालो होतो. धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. शेवटचाच आठवडा. पोळ्याच्या आदल्या दिवशी ती आईला म्हणाली, "माय, लेकरू सकाळपासनं हालंनाच झालंय." शेजारची एक जाणती आजी बसली होती. तिने समजूत घातली, "दिवस भरले की लेकरू गप बसतंय. जागा ऱ्हात न्हाई ना त्याला." दुसऱ्या दिवशी पोळा, म्हणजे अमावास्या. अमावास्येला भरल्या पोटाच्या बाईला शिवेबाहेर काढायचे नाही, असे ठरले. ठरवणारे आम्हीच होतो, आणि त्यात मीही होतो. बैल सजवले, मिरवणूक झाली, पुरणपोळी झाली. बहीण भिंतीला टेकून पोटावर हात ठेवून बसली होती, हे मला आजही दिसते. तिसऱ्या दिवशी जीप मिळाली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ पोटावर नळी ठेवून ऐकले आणि मग नळी काढली. मुलगा होता. अंगाने चांगला होता.

आदल्या दिवशी नेले असते तर तो खचित वाचला असता, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण न नेण्याला आमच्याकडे काहीही कारण नव्हते, ही गोष्ट खरी आहे. आणि त्या आजीचाही दोष नव्हता. तिने ऐकलेले तिने सांगितले. दोष समजुतीचा. दिवस भरले म्हणून बाळ गप बसते ही समजूत साफ चुकीची आहे. जागा कमी झाल्यामुळे कोलांटउड्या थांबतात, हालचालीची तऱ्हा बदलते. पण हालचाल कमी होत नाही. कळा सुरू होईपर्यंत, आणि त्यानंतरही, निरोगी बाळ हलत राहते. म्हणून शेवटच्या आठवड्यांत बाईने रोज जेवणानंतर डाव्या कुशीवर निजून हालचाली मोजाव्यात. दोन तासांत दहा भरल्या तर ठीक. भरल्या नाहीत, किंवा "आज नेहमीसारखं न्हाई" असे तिच्या मनाने घेतले, तर त्याच दिवशी दाखवावे. अमावास्या असो, ग्रहण असो, मध्यरात्र असो. आईच्या मनाने घेतले ही गोष्ट नळीइतकीच महत्त्वाची आहे.

धोक्याच्या आणखी काही खुणा घरातल्या प्रत्येकाला पाठ असाव्यात. डोके फुटेल असे दुखणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे किंवा अंधारी येणे, बरगडीखाली पोटात दुखणे, तोंड व हात सुजणे. ही रक्तदाब वाढल्याची लक्षणे आहेत. १४० वर ९० किंवा त्यापुढे रक्तदाब गेला की डॉक्टर सावध होतात, कारण पुढची पायरी म्हणजे झटके. पूर्वी असे झटके आले की "बाहेरचं झालं" म्हणून अंगारा लावीत आणि बाई जात असे. यावर मॅग्नेशियम सल्फेट नावाचे स्वस्त आणि खात्रीचे इंजेक्शन आहे. पण ते वेळेवर मिळाले पाहिजे. ताप, घाणेरडा वास येणारा स्राव, बसल्या जागी धाप लागणे, याही खुणा तशाच. धाप बहुधा रक्त कमी असल्याची असते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. रक्तातले हिमोग्लोबिन अकराच्या खाली गेले की कमी, सातच्या खाली गेले की अतिशय कमी. अशी बाई थोड्याशा रक्तस्रावानेही हाती लागत नाही. म्हणूनच लोहाच्या १८० गोळ्या देतात. त्या फडताळात ठेवण्यासाठी नव्हेत. शी काळी होते म्हणून पुष्कळजणी त्या सोडतात. त्यात भिण्यासारखे काही नाही.

काही समजुती सोडाव्यात. जास्त खाल्ले तर लेकरू मोठे होते आणि बाई अडते, म्हणून शेवटच्या महिन्यात भाकरी मोजून देणे चूक आहे. बाई अडते ती बहुधा तिच्या हाडांच्या ठेवणीमुळे, कोवळ्या वयामुळे किंवा बाळ आडवे असल्यामुळे. अर्धपोटी राहिल्याने बाळ अशक्त होते, आणि कळा द्यायला आईच्या अंगात बळ राहत नाही. कळा याव्यात म्हणून एरंडेल पाजू नये. आणि सर्वांत घातक म्हणजे कोणाकडून तरी घरी कळा वाढवण्याचे इंजेक्शन घेणे. बाळ आडवे असेल, वाट अरुंद असेल, आणि वरून अशा जबरीच्या कळा आल्या, तर गर्भाशय फाटते. ते इंजेक्शन दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली अमृत आहे. माजघरात ते विष होय. शेवटच्या आठवड्यात बाळ डोक्याकडून आहे की पायाकडून, हे तपासून घ्यावे. पायाळू माणसाच्या पायगुणाच्या गोष्टी आपण हौसेने सांगतो. त्याच्या आईने काय सोसले, ते कोणी सांगत नाही.

आता निर्णयांविषयी. थॅडियस आणि मेन या दोन संशोधक स्त्रियांनी १९९४ साली असे दाखवून दिले की, बाळंतपणात बायका दगावतात त्या तीन उशिरांमुळे. पहिला उशीर जावे की नाही हे ठरवण्याचा, दुसरा दवाखान्यापर्यंत पोचण्याचा, आणि तिसरा तेथे पोचल्यावर उपचार मिळण्याचा. तिसरा उशीर सरकारने आणि दवाखान्यांनी घालवायचा आहे, आणि तो घालवा असे आपण त्यांना ठणकावून सांगितले पाहिजे. पण पहिला उशीर सर्वस्वी आपल्या ओसरीवरचा आहे. कळा सुरू झाल्यावर "मालक शेतातून येऊ द्या, मग ठरवू" असे म्हणण्याची पाळी येता कामा नये.

म्हणून तारखेच्या महिनाभर आधी घरात बसून चार गोष्टी ठराव्यात. कोणत्या दवाखान्यात जायचे. आणि तेथे जमले नाही तर पुढे कोणता. अर्धापुराहून नांदेड सुमारे वीस किलोमीटर आहे. विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. वाहन कोणते, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून चालू आहे, गरोदर मातांसाठी १०२ क्रमांकाचीही सोय आहे, पण तरी गावातील एका गाडीवाल्याशी बोलून ठेवावे आणि त्याचा क्रमांक दाराच्या चौकटीवर लिहावा. रक्त द्यायला तयार असलेली दोन धडधाकट माणसे कोण. आणि घरातले कर्ते माणूस गावी नसेल, तर निघा असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा. माझ्या मते तो अधिकार त्या बाईचाच असावा. तिने म्हटले "चला", की चपला घालाव्यात.

एका पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड, तपासण्यांचे कागद, आधार कार्ड, बँकेचे पुस्तक, धुऊन उन्हात वाळवलेली जुनी मऊ सुती लुगडी, बाळासाठी टोपडे आणि दुपटे, एवढे बांधून ठेवावे. माहेरी जाताना पुष्कळदा कार्ड सासरी फडताळात राहते आणि माहेरच्या आशाताईला या मुलीची काहीच माहिती नसते. तसे होऊ देऊ नये. माहेरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी तिथे नोंद करावी. पैशाची चिंता करणाऱ्यांनी हे ऐकावे: २०११ पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, शस्त्रक्रिया करावी लागली तरी ती, औषधे, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याचे वाहन हे सारे मोफत आहे. तो उपकार नव्हे, हक्क आहे.

आपल्या मराठवाड्यातील एका दुःखाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. दिवाळीच्या सुमारास गाड्या जुंपून, ट्रॅक्टर भरून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत भरल्या पोटाच्या बायकाही असतात. कोयता हातात, मोळी डोक्यावर आणि मुक्काम पालात. त्यांची तारीख कोणाच्या वहीत नसते. ज्या गावच्या शिवारात अशी टोळी उतरली असेल, त्या गावच्या शिक्षकांनी आणि शेतकऱ्यांनी आशाताईला तेवढा निरोप पोचवावा. पाहुणी बाई आपल्या शिवारात अडली, तर तो आपल्या गावाला कमीपणा आहे.

दवाखान्यात गेल्यावर पहिले मूल व्हायला बारा, अठरा तासही लागतात. तेव्हा बाहेर बसून "एवढा वेळ का, कापून टाका" असा लकडा लावू नये. बाळ जन्मल्यावर ते पुसून, कोरडे करून आईच्या उघड्या छातीशी ठेवावे, पहिल्या तासातच पाजावे. इथेही एक गंमत पाहा. गाय व्याली की वासराला पहिला चीक मिळालाच पाहिजे, नाही तर ते जगत नाही, हे आपण जाणतो. आणि आईचा पहिला पिवळा चीक मात्र खराब म्हणून पिळून टाकतो आणि लेकराला मध चाटवतो! तो चीक बाळाची पहिली लस आहे. मध, घुटी, पाणी काही देऊ नये. नाळेला हळद, राख, तेल काही लावू नये. पहिली आंघोळ निदान एक दिवस लांबवावी. प्रसूतीनंतर आईने दोन दिवस दवाखान्यातच राहावे, कारण रक्तस्रावाचा मोठा धोका पहिल्या चोवीस तासांत असतो.

एका मराठी मुलीची आठवण येथे करावीशी वाटते. आनंदीबाई जोशी यांना १८७८ साली, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास, मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्या दुःखातून त्या सातासमुद्रापलीकडे अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. पदवीसाठी त्यांनी प्रबंधाचा विषय घेतला तो हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्र हाच. पुढच्याच वर्षी त्या क्षयाने वारल्या. त्यांना वापरायला न मिळालेले ज्ञान आज आपल्या उपकेंद्राच्या कपाटात आहे. त्याचा परिणामही दिसतो. २००१ ते २००३ या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत. २०१८ ते २०२० मध्ये तो आकडा ३३ वर आला. पण ज्या घरातली ती एक असते, त्या घराला आकडा शंभर टक्केच असतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. आठवी-नववीच्या गणिताच्या तासाला २८० दिवसांचे एक उदाहरण घाला. अधिक महिन्याचेही घाला. मुलगे हसतील, हसू द्या. दहा वर्षांनी त्यांच्यापैकीच कोणी रात्री दोन वाजता घड्याळ हातात घेऊन कळांमधली मिनिटे मोजत बसेल, तेव्हा त्याला ते आठवेल.

माझ्या बहिणीला पुढे दोन वर्षांनी मुलगी झाली. त्या खेपेला शेवटच्या आठवड्यात आई रोज जेवणानंतर तिला डाव्या कुशीवर निजवी आणि उशाशी दहा ज्वारीचे दाणे ठेवी. बाळ हलले की एक दाणा परातीत टाकायचा. आठव्या दिवशी संध्याकाळी दोन तास होऊन गेले आणि परातीत सहाच दाणे पडले. आईने कोणालाही विचारले नाही. मला हाक मारली आणि म्हणाली, "गाडी बोलाव." ती भाची आता कॉलेजात जाते.